चहापुरता वायू

माझ्या स्वयंपाकघरात जी वस्तू रोज दोन वेळा माझा चहा करते, ती सरकारी नोंदीप्रमाणे आठ वर्षांपूर्वीच मेलेली आहे, ही बातमी मला एका मुलीनं दारात चपला काढता काढता दिली.

“काका, मी शाल्मली कुंभोजकर. जलइंधन केंद्रातून आलेय. ज्योत्स्नामॅडमची विद्यार्थिनी.”

ज्योत्स्ना म्हणजे माझी बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत केंद्रातून माझ्याकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि कोणी यावं असं मलाही वाटलं नव्हतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. उभा जन्म लोकांना गाडी कधी येणार ते सांगण्यात गेला. आपल्याकडे कोणी येणार नाही हे एकदा कळलं, की माणसाचं वेळापत्रक फार सोपं होतं.

“ये आत,” मी म्हणालो. “मेलेल्या वस्तूवरचा चहा चालेल का?”

ती हसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या पेटीसमोर फरशीवर मांडी घालून बसली. पेटी तशी काही बघण्यासारखी नाही. शाळेच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, काळी. गच्चीवरच्या सौरपट्टीतून तिला वीज येते, वरच्या बाटलीतून शुद्ध पाणी थेंबाथेंबानं उतरतं, आणि आत त्या पाण्याचे दोन वायू होतात. प्राणवायू खिडकीतून बाहेर जातो. हायड्रोजन मागच्या नळकांड्यात साठतो आणि शेगडीत जळतो. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून ज्योत्स्नानं बर्नरवर मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली तारेची जाळी ठेवली होती. जाळीवर पिवळा उजेड आला की समजायचं, पेटलंय. दिवसभरात वायू साठतो तो चहापुरता. बाकीचा स्वयंपाक विजेवर.

शाल्मलीनं पेटीला कान लावला. आत बारीक बुडबुड चालू होती.

“चालू आहे,” ती म्हणाली. “अहो काका, खरंच चालू आहे!”

“रोजच असते.”

“असली पेटी चार महिने चालते. जगात कुठंही. फार ताणली तर सहा. ही नऊ वर्षांपूर्वी केलेली आहे.”

“मग तुम्हाला आत्ता कसं कळलं?”

“आत चिप असते ना. किती पाणी फुटलं, किती वायू झाला, शेगडी कधी पेटली, सगळं रोज आपोआप केंद्राला जातं. पण ही पेटी मृत म्हणून नोंदलेली. मृत पेटीचे निरोप कोण बघणार? आता आमच्या नव्या यंत्रानं जुनी माहिती चाळायला घेतली, तेव्हा त्याला हिचे निरोप दिसले.”

मी आधणात साखर टाकली. म्हणजे पाच वर्षं मी सकाळी उठून चहा ठेवला की ते कुठंतरी कळत होतं, आणि मी समजत होतो की मी उठलो काय, न उठलो काय, कोणाला पत्ता नाही. तसं बघितलं तर खरंच कोणाला पत्ता नव्हता. निरोप जात होता, वाचत कोणी नव्हतं.

चहा पिऊन झाल्यावर तिनं कामाचं काढलं. “काका, मला ही पेटी पाहिजे. उघडायला.”

“मग परत लावून देशील?”

“नाही. आतला थर ओला असतो, तोवरच तो जसाच्या तसा राहतो. उघडला, वाळला, की गेला. त्याचा तिळाएवढा तुकडा कापून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागेल. मी केंद्राचं पत्र घेऊनही येऊ शकले असते. आणलं नाही.”

“बरं केलंस,” मी म्हणालो. “कारण उत्तर नाही असंच आहे.”

*

रसायनशास्त्रात मी बारावीला काठावर पास झालेला माणूस. पण वैज्ञानिक बाईबरोबर संसार केला की काही गोष्टी कानावरून जातातच.

पाणी आपण होऊन फुटत नाही. त्याला वीज द्यावी लागते, आणि नुसतीच दिली तर फार द्यावी लागते. ती कमी लागावी म्हणून मध्ये उत्प्रेरक ठेवतात. म्हणजे असा धातू, जो स्वतः खर्च होत नाही पण पाण्याचं फुटणं सोपं करतो. आता जिथं प्राणवायू सुटतो ती जागा इतकी तिखट, की बहुतेक धातू तिथं विरघळून जातात. टिकतो तो इरिडियम, आणि तो सगळ्या जगातल्या खाणींतून मिळून वर्षाला जेमतेम एक ट्रकभर निघतो. म्हणून त्याचे अगदी बारीक कण करून वापरायचे. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो कण शेजारी शेजारी बसतील. कण जितका बारीक तितका त्याचा जास्त भाग पाण्याला लागतो, आणि तितका धातू कमी पुरतो.

खोट एकच. बारीक कण जागेवर बसत नाहीत. ज्या थरावर त्यांना ठेवलंय त्यावरून सरकत सरकत ते एकमेकांना भेटतात आणि चिकटतात. ताक घुसळताना लोण्याचे कण जमून गोळा होतो ना, तसा गोळा होतो. गोळ्याच्या पोटात गेलेला धातू पाण्याला लागतच नाही, फुकट गेला. जे कण गोळ्यात जात नाहीत ते हळूहळू विरतात. चार महिन्यांत पेटी बसते, बंद पडते.

“कणाला एकटं ठेवता आलं पाहिजे, श्रीरंग,” ज्योत्स्ना म्हणायची. “शेजाऱ्याला भेटूच द्यायचं नाही. एवढं जमलं की जिंकलो.”

मी मनात म्हणायचो, बाई, हे तुला नक्की जमणार. तुझा घरी चांगला सराव चाललाय.

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. ती शिकत गेली, मी एसटीत लागलो. अख्ख्या डेपोत नवऱ्याला अरे-तुरे करणारी बायको माझी एकट्याची, आणि मला त्याचा अभिमान होता. मूलबाळ झालं नाही. माझी पहाटेची पाळी असायची, दुपारी मी मोकळा. त्यामुळं स्वयंपाक माझ्याकडे आला तो आलाच. तिचा डबा मी करायचो आणि डब्याबरोबर आईचा फिरकीचा पितळी तांब्या पाण्यानं भरून द्यायचो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात त्यात आमसुलं भिजवायचो, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. आमसुलं चिपळूणच्या गाडीचे ड्रायव्हर आणून द्यायचे.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तांब्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “उद्यापासून हा नको देऊस. मी बाटली नेईन.”

का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं ते स्पष्टच आहे. केंद्रात परदेशातून शिकून आलेली माणसं. त्यांच्यामध्ये टेबलावर पितळी तांब्या घेऊन बसायचं तिला बरं दिसत नसणार. तांब्याचा मालकही बरा दिसत नसणार. मी तांब्या धुतला, पुसला, फिरकी घट्ट आवळली आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढच्याच महिन्यात तिनं केंद्राच्या आवारात खोली घेतली. यंत्रांवर लक्ष ठेवावं लागतं म्हणाली. केंद्र इथून आठ किलोमीटरवर. चिपळूणचा ड्रायव्हर घाट ओलांडून मुक्कामाला घरी येतो, आणि हिला आठ किलोमीटर जमेनात.

वर्षभरानं ती ही पेटी घेऊन आली. “केंद्रात आता हिचं काम नाही,” म्हणाली. “इथं लावते. बंद मात्र करू नकोस.”

आणि त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी घरी यायला लागली. नोंद घ्यायला. शेगडीसमोरच्या स्टुलावर बसायची, जाळीवरच्या उजेडाकडे बघत. मी तिच्यापुढं चहा ठेवायचो आणि तिच्या कामात अडथळा नको म्हणून माझा कप घेऊन ओसरीवर जायचो. अर्ध्या तासानं कप विसळल्याचा आवाज यायचा. “येते रे,” म्हणायची आणि जायची. अशी तीन वर्षं गेली. मग तिच्या छातीचं दुखणं निघालं आणि ते बरं झालंच नाही.

ही पेटी तेवढी मागं राहिली. तिच्या हातची, अजून चालणारी अशी एकच वस्तू. तिचा तिळाएवढा तुकडा कापणार म्हणे.

*

शाल्मली आठवड्यानं पुन्हा आली. पुन्हा पत्र न आणता. मला तिचा राग यायला हवा होता, पण घरात कोणी बोलणारं आलं की मी चहा जरा हळूच करतो, आधण उकळू देतो.

“काका, मॅडमच्या सगळ्या नोंदी आमच्याकडे आहेत,” ती म्हणाली. “कोणता धातू, किती, भट्टी किती तापवली, सगळं. आमच्या यंत्रानं त्यावरून हजारो पाककृती करून बघितल्या. एकही टिकली नाही. या पेटीत काहीतरी आहे जे नोंदीत नाही.”

“टाकाऊ पेटी आहे गं ती. केंद्रानं काढून टाकलेली. तिनंच सांगितलं मला.”

सांगू की नको असं शाल्मलीचं चाललेलं मला दिसलं.

“काढून टाकलेली नव्हती,” ती म्हणाली. “वर्ष झालं तरी बंद पडेना, म्हणून केंद्रानं मॅडमना ती कापून बघायला सांगितलं होतं. मॅडमनी लिहून दिलं की पेटी बंद पडली, थर विरून गेला, टाकून दिला. आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला.”

ज्योत्स्ना आणि खोटं? सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा ‘तूप कमी पडलंय’ म्हणणारी बाई ती. माझ्या बहिणीच्या मुलाचं स्थळ तिच्या खरं बोलण्यानं मोडलं होतं. तिनं आयुष्यात एकच खोटं बोलावं आणि ते एका पेटीसाठी?

“का पण?”

“तेच कोणाला माहीत नाही,” शाल्मली म्हणाली.

ती गेल्यावर मी बराच वेळ पेटीकडे बघत बसलो. मला वाटत होतं ही तिची आठवण आहे. आता कळलं की हे तिचं गुपित आहे, आणि त्यात मी धरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा डेपोत गेलो. निवृत्त झालो तरी सकाळी तिथल्या बाकावर तासभर बसल्याशिवाय मला करमत नाही. गाड्या आता सगळ्या हायड्रोजनवर चालतात, आणि डेपोच्या मागच्या शेडमध्ये पाणी फोडायची मोठी पेटी आहे. शेड बंद होतं. चिपळूणच्या गाडीचा रफिक नदाफ फलाटावर हात बांधून उभा होता.

“काय रे, गाडी का नाही लावली?”

“वायूच नाही, साहेब. पेटी बसली परत. नवीन थर कधी येईल ते कोण सांगंना. धातूच मिळत नाही म्हणत्यात. घाटातल्या सगळ्या गाड्या रद्द केल्यात.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जुन्या सवयीनं मी सांगितलं, “आजी, गाडी रद्द आहे.”

“आन् उद्याच्याला?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन शाल्मलीला फोन केला. घाटातल्या लोकांसाठी मी पेटी दिली, असं केंद्राच्या बातमीपत्रात पुढं छापून आलं. खोटं नाही ते, आजीचं तोंड डोळ्यांसमोर होतंच. पण मला जाणून घ्यायचं होतं की माझी बायको खोटं का बोलली.

*

पेटी न्यायला आली तेव्हा शाल्मलीच म्हणाली, “काका, आधी चहा करा.”

मी केला. नळकांड्यात होता नव्हता तेवढा वायू जळू दिला. जाळीवरचा पिवळा उजेड आधी कडेनं गेला, मग मधून, आणि जाळी नुसती तारेची जाळी राहिली. शाल्मलीनं गच्चीची तार सोडवली. आतली बुडबुड थांबली. इतकी वर्षं तो आवाज घरात आहे हे मला तो थांबल्यावर समजलं.

मग मी विजेच्या किटलीत चहा करायला लागलो. चहाला काही धाड भरली नव्हती, चव तीच होती. पण ओट्यासमोर उभं राहायला कारण उरलं नाही. किटली आपली आपण बंद होते, माणूस लागत नाही. मी कप घेऊन ओसरीवर बसायचो आणि आत कोणी नाही हे मला ओसरीवरूनही ऐकू यायचं. पेटी दिल्याचा पश्चात्ताप झाला, चांगला झाला. एकदा तर शाल्मलीला फोन करून दोन शब्द सुनवावेत इतका झाला.

तीन आठवड्यांनी ती स्वतःच आली. हातात टॅब, केस विंचरलेले नाहीत, डोळे मात्र नुसते चमकत होते.

“हे बघा,” तिनं चित्र पुढं धरलं. करड्या रंगावर असंख्य काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक फिकट कडं. “हे काळे म्हणजे इरिडियमचे कण. आम्ही सगळे त्यांना लांब लांब ठेवायला बघत होतो. इथं बघा, किती दाटीनं बसलेत! पण प्रत्येकाला या कड्यानं बखोटीला धरलंय. सरकता येत नाही, चिकटता येत नाही. वाफ्यातल्या रोपांसारखे बसलेत.”

“आणि कडं कशाचं?”

“कथलाचं. म्हणजे कथील आणि प्राणवायू. आणि काका, मॅडमच्या नोंदीत कथील कुठंच नाही. केंद्रात त्या वर्षी कथील आणलेलंच नव्हतं. मला एक विचारायचंय. तुमच्याकडे एक पितळी तांब्या होता का?”

मी चमकलो. “होता. का?”

“मी तेव्हा केंद्रात नवीन होते. खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुजायचो. मॅडम कधी पुढं यायच्या नाहीत. पण त्या वर्षी नवी भट्टी आली होती आणि सगळ्यांनी त्यांनाच पुढं केलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शिंपडायला पाणी कुठाय म्हटल्यावर मॅडमनी टेबलावरचा तांब्या उचलला, फिरकी काढली आणि झेंडूच्या फुलानं भट्टीवर पाणी शिंपडलं. भट्टी पांढरी शुभ्र. तिच्यावर लाल डाग! कोणीतरी म्हणालं, मॅडम, मशिनला सरबत पाजलंत. सगळे इतके हसले. खाली त्या दिवशीचा थराचा ट्रे उघडा होता, त्यावरही थेंब पडले. मॅडमना स्वतःचा असा राग आला होता! नमुन्यावर घरचं पाणी सांडायचं म्हणजे आमच्यात पापच. त्यांनी तो ट्रे तसाच भट्टीत सारला. ही पेटी त्याच ट्रेची.”

“आमसुलाचं पाणी होतं ते,” मी म्हणालो. “खंडेनवमीला. ऊन फार होतं म्हणून.”

“ते मला कळलं,” शाल्मली म्हणाली. “कारण नंतर मॅडमच्या कपाटात आमसुलाच्या पुड्याच पुड्या असायच्या. कपाट उघडलं की सोलकढीचा वास. आम्ही चेष्टा करायचो. आता यंत्रातून त्यांचे शेवटच्या वर्षांचे प्रयोग काढून बघितले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणून त्यांनी आमसुलाबरोबर तांबं घालून बघितलं, जस्त घालून बघितलं, दोन्ही घालून बघितलं. एकदा नाही, कितीदा. कथील नाही घातलं. पितळेत कथील कशाला येईल?”

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर हात घातला. फडकं धुळीनं काळं झालं होतं. तांब्याची फिरकी इतकी बसली होती, की शाल्मलीनं आणि मी दोघांनी मिळून धरून फिरवली तेव्हा निघाली. तिनं मोबाइलचा उजेड आत टाकला आणि तशीच वाकून राहिली.

“आतून पांढरा आहे,” ती हळूच म्हणाली. “काका, याला कल्हई आहे. कल्हई म्हणजे कथीलच! आमच्या आज्जीकडं होती अशी भांडी.”

“दसऱ्याच्या आधी मी दरवर्षी ताजी लावून घ्यायचो. त्या वर्षीची तर आठवड्याभराचीही नव्हती.”

तिनं मग घाईघाईनं सांगितलं ते मला पुरतं कळलं. आमसुलाच्या आंबटपणानं ताज्या कल्हईतलं कथील थोडंसं सुटलं. आमसुलातल्या आम्लानं ते धरून ठेवलं आणि थेंबाबरोबर ट्रेवर नेऊन कणाकणाजवळ बसवलं. भट्टीत आम्ल जळून गेलं, कथलाचं कडं मागं राहिलं. नुसतं आमसूल असून भागत नाही आणि नुसतं कथील असून भागत नाही. ज्योत्स्नानं अर्धं उत्तर चार वर्षं हातात धरलं होतं. उरलेलं अर्धं माळ्यावर फडक्यात होतं, तिच्या डोक्यावर चार हातांवर.

तिच्या माहेरी सगळी भांडी स्टीलची. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी ती, कल्हई तिला कुठून ठाऊक असणार! तांब्याचं तोंड अरुंद, पाणी ओतताना आत कोण डोकावतं?

“मॅडमनी तुम्हाला कधी विचारलं नाही?” शाल्मलीनं विचारलं. “तांब्यात काय होतं, कसला तांब्या होता?”

“नाही,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला आठवलं. शेवटच्या वर्षी, याच स्टुलावर बसून, तिनं विचारलं होतं. “आपल्याकडची जुनी भांडी आहेत का रे अजून?” मी कप विसळत होतो. “आहेत की, माळ्यावर,” म्हणालो. तिनं वर बघितलं. तेव्हा तिला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. काढून दे, असं ती म्हणाली नाही. काढून देऊ का, असं मी विचारलं नाही. घर आवरायचं डोक्यात असेल, असं मला वाटलं. मी कप घेऊन ओसरीवर गेलो.

डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. शाल्मलीसमोर मला त्याची लाज वाटली नाही.

“एक कोडं मात्र सुटलं नाही,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “पेटी कापली असती तर मॅडमना कथील आठ वर्षांपूर्वीच दिसलं असतं. त्यांना हे माहीत असणारच. मग खोटं लिहून पेटी घरी का आणली? आणि इथं येऊन त्या काय करायच्या?”

“नोंद घ्यायची. रोज संध्याकाळी.”

“कसली नोंद?”

“पेटीची. वायू किती झाला वगैरे.”

शाल्मली माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचंय ते तिच्या आधी मला कळलं, आणि तिनं ते म्हणू नये असं मला फार वाटलं.

“काका, ते सगळं चिपमधून जायचं,” ती म्हणाली. “आपोआप. ती चिप मॅडमनीच बसवली होती. नोंद घ्यायला इथं यायची गरजच नव्हती.”

आठ किलोमीटर. दम लागायला लागल्यावरसुद्धा. केंद्राला सांगायला एक निमित्त, मला सांगायला दुसरं निमित्त. स्वतःचं उत्तर न कापता तिनं ते चहाखाली जाळत ठेवलं होतं, आणि रोज ते निमित्त घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसत होती. मी तिला चहा देऊन ओसरीवर जात होतो. तिच्या कामात अडथळा नको म्हणून. तीन वर्षं.

“ज्योत्स्ना,” मी त्या रिकाम्या स्टुलाला मोठ्यानं म्हणालो, “ताजी कल्हई होती गं. विचारायचं होतंस.”

शाल्मली उठून गेली नाही. तिनं किटली लावली.

*

घाटातल्या गाड्या आता पुन्हा धावतात. डेपोच्या शेडमधली मोठी पेटी, कथलाच्या कड्यांचा नवा थर बसवलेली, वर्ष उलटलं तरी बसलेली नाही. रफिक तिच्यावर प्रसन्न आहे, मला म्हणतो, “साहेब, वहिनींनी काम फर्मास केलं.” केंद्रानं तांब्या काचेच्या कपाटात ठेवायला मागितला. मी दिला नाही. त्याला दसऱ्याआधी कल्हई लावायची असते, ती कपाटात कोण लावणार!

गेल्या आठवड्यात शाल्मली नवी पेटी घेऊन आली. तेवढीच, काळी. तिनं ती ओट्याखाली बसवली, तार जोडली, पाण्याची बाटली लावली. दिवसभर आम्ही वायू साठायची वाट बघितली. संध्याकाळी मी जुन्या जाळीला मिठाचं पाणी लावून शेगडी पेटवली. पिवळा उजेड आला. पेटी ज्योत्स्नाच्या हातची नव्हती आणि तसं मी स्वतःला भासवलंही नाही.

हात पुसत शाल्मली म्हणाली, “काका, मी अधूनमधून येत जाऊ का? नोंद घ्यायला?”

“हिच्यात चिप नाही का?”

तिनं मान खाली घातली. “आहे.”

“मग ये,” मी म्हणालो. दोन कप भरले, तिच्यापुढं एक ठेवला, ओसरीवरचं स्टूल आत आणलं आणि शेगडीसमोर तिच्या शेजारी बसलो.